मोजणीच्या कागदावर मोतीबिंदू दिसत नाही

परवा सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरून झालं आणि नेहमीच्या टपरीवर तर्री-पोहे सांगितले. आमचं टोळकं तिथं रोजचंच. चार-पाच जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांना शुगर आणि सगळ्यांना तर्री जास्त. एकानं मोबाईल पुढे केला. चेर्नोबिलच्या ओसाड इमारती, त्यांच्यामधून निघालेली जंगली घोडी, बर्फातून चाललेला लांडग्यांचा कळप आणि मागे बासरी. खाली लिहिलेलं : 'निसर्गाने स्वतःला बरे केले'.

"पाह्य बे," तो म्हणाला, "एवढा मोठा स्फोट झाला अन् जनावरं मजेत. काही नाही होत बे त्यानं. सारं भेव दाखवाचं काम आहे."

मी तेव्हा गप्प बसलो. तोंडात पोहे होते आणि दुकान उघडायचं होतं. पण दिवसभर ती बासरी डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबण लावतोय.

पंचाईत अशी की त्या व्हिडिओत खोटं काही नाही. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री एक वाजून तेवीस मिनिटांनी युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी प्रिप्यात हे जवळपास पन्नास हजार वस्तीचं शहर बसमध्ये बसवून रिकामं केलं. सोबत कुत्री-मांजरी नेऊ दिली नाहीत. पुढे बेलारूसच्या बाजूला दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठं राखीव क्षेत्र झालं. २०१५ साली तिथल्या सस्तन प्राण्यांच्या मोजणीचा अभ्यास छापून आला. एल्क, हरणं, रानडुकरं आसपासच्या स्वच्छ अभयारण्यांइतकीच निघाली आणि लांडगे तर जवळपास सातपट. युक्रेनच्या बाजूला १९९८ मध्ये प्रझेवाल्स्की जातीची रानघोडी आणून सोडली होती, तीही वाढली. हे सगळं खरं आहे.

पण यातून किरणोत्सर्ग निरुपद्रवी ठरतो म्हणणं म्हणजे ताडोबातून गावं उठल्यावर वाघ वाढले, तर वाघांना पुनर्वसनाचा जीआर मानवला म्हणण्यासारखं आहे. आपण विदर्भातली माणसं, हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. ताडोब्यात नवेगाव उठलं, जामणी उठलं. जिथं शेतं होती तिथं गवत आलं, गवतामागे चितळ-सांबर आले आणि त्यांच्यामागे वाघ. आज पर्यटक त्याच कुरणांवर जिप्सी थांबवून फोटो काढतात. तिथं कुठली अणुभट्टी फुटली होती? माणूस उठला, नांगर उठला, शिकारीची भीती गेली, एवढंच. चेर्नोबिलमध्येही तेच झालं, फक्त विष जमिनीत ठेवून. शेती, शिकार आणि रस्ते जनावरांना किरणोत्सर्गापेक्षाही महाग पडतात, एवढंच त्या लांडग्यांवरून सिद्ध होतं. ही आपल्यासाठी शरमेची गोष्ट आहे, बासरी वाजवण्याची नाही.

आता मोजणीबद्दल. बुद्ध पौर्णिमेला रानातले प्राणी मोजायला मी काही वर्षं मचाणावर बसलोय. संध्याकाळी सोडतात, सकाळी उतरवतात. सोबत पोळ्या, कांदा, पाण्याच्या बाटल्या. अत्तर लावायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. हातात एक कागद : वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू आणि शेवटी एक अरुंद रकाना, शेरा. एका वर्षी रात्री अडीचच्या सुमाराला एक सांबर मादी पाणवठ्यावर आली. चांदणं लख्ख होतं. उजवा मागचा पाय ती टेकवतच नव्हती. तीन पायांवर पाणी प्यायली, पिताना दोनदा तोल गेला. मी कागदावर लिहिलं : २.३५, सांबर, १, मादी. शेऱ्यात लिहिलं, लंगडते. सकाळी कागद गोळा करणारा पोरगा हसला. म्हणाला, "शेरा कोनी नाही वाचत काका. आकडा पाह्यतात." त्याचंही चुकलं नव्हतं, बेरीज आकड्यांचीच होते.

चेर्नोबिलचा तो व्हिडिओ म्हणजे शेरा नसलेला कागद आहे.

माझं महाल भागात चष्म्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. रोज कोणी ना कोणी काकू येतात, 'नंबर वाढला, काच बदलून द्या' म्हणतात. बॅटरी मारून पाहिलं की बुबुळाच्या आत दुधाळ सावली. सांगावं लागतं, काकू, काचेनं नाही होणार, मोतीबिंदू आहे, डॉक्टरकडे जा. म्हणून एका अभ्यासानं मला धरून ठेवलं. मुसो आणि म्योलर या दोन शास्त्रज्ञांनी चेर्नोबिलच्या परिसरातले हजारावर पक्षी जाळ्यात धरून त्यांचे डोळे तपासले आणि २०१३ मध्ये छापलं : जिथं किरणोत्सर्ग जास्त, तिथल्या पक्ष्यांत मोतीबिंदू जास्त. डोळ्याचं भिंग किरणोत्सर्गाला नाजूक असतं, हे माणसांच्या बाबतीत आधीपासून माहीत आहेच. आता विचार करा. काकूंना हात धरून नेणारी सून आहे. उडता किडा टिपून जगणाऱ्या पाखराला कोण आहे? ज्याला धूसर दिसतं ते उपाशी मरतं किंवा ससाण्याच्या तोंडी जातं. मोजणीच्या दिवशी ते नसतंच. जागा रिकामी झाली की बाहेरून दुसरं पाखरू येतं आणि आकडा जिथल्या तिथं. याच जोडीनं तिथल्या पाकोळ्यांत पांढरे डाग पडलेली पिसं आणि पक्ष्यांत लहान मेंदू असल्याचंही मांडलंय. त्यांच्या निष्कर्षांवर इतर शास्त्रज्ञांनी जोरदार आक्षेप घेतलेत, हेही सांगितलं पाहिजे. मोजमाप नीट नाही, किरणांची मात्रा नीट धरली नाही, वगैरे. भांडण अजून मिटलेलं नाही. पण ते मिटत का नाही, याचं एक कारण साधं आहे. स्फोटाच्या आधी तिथं कोणी असं बारकाईनं मोजलंच नव्हतं. तुलना करायची कशाशी?

पहिल्या वर्षी काय झालं याबद्दल मात्र वाद नाही. भट्टीजवळचं पाइनचं जंगल काही आठवड्यांत तांबडं पडून मेलं. लाल जंगल हे नाव त्याचंच. ती झाडं बुलडोझरनं पाडून चरांत पुरली. बर्च त्यातल्या त्यात टिकला, पाइन नाही. पाचोळ्यातले किडे-कीटक, उंदरांच्या पिढ्या झपाट्यानं घटल्या, मग हळूहळू परत आल्या. त्या पाचोळ्याचा तर स्वतंत्र किस्सा आहे. २०१४ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात जास्त दूषित भागातला पाचोळा कमी कुजलेला आढळला, कारण कुजवणारे सूक्ष्मजीव आणि बुरश्या तिथं मंदावल्या होत्या. आपल्याकडे सागाची पानं मार्चमध्ये गळतात, मोहफुलं वेचायला कोणी काडी लावतं आणि डोंगर पेटतो. पाचोळा साठला की काय होतं ते आपल्याला कळतं. एप्रिल २०२० मध्ये चेर्नोबिलचं जंगल असंच मोठं पेटलं. फरक इतकाच की तिथल्या धुरात सिझियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य असतं.

हे सिझियम-१३७ फार चिवट. तीस वर्षांत निम्मं होतं, पुढच्या तीसमध्ये त्याच्या निम्मं. अंगात गेलं की शरीर त्याला पोटॅशियम समजून स्नायूंत घेतं. तसंच किरणोत्सर्गी असलेल्या स्ट्रॉन्शियम-९० ला कॅल्शियम समजतं आणि हाडांत बसवतं. स्फोटानंतर पाऊस जिथं जिथं पडला तिथं तिथं सिझियम उतरलं. चेर्नोबिलपासून हजार किलोमीटरहून दूर, जर्मनीच्या बव्हेरियात, आजही शिकार केलेलं रानडुक्कर यंत्रावर तपासावं लागतं. किलोमागे ६०० बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) वर निघालं की मटण फेकायचं. हरणांतलं प्रमाण कमी होत गेलं, डुकरांतलं होईना. कारण डुक्कर नाकानं जमीन उकरून एक प्रकारची भूमिगत बुरशी खातं, आपल्या पावसाळ्यातल्या सात्यांची, म्हणजे रानअळंबींची, लांबची बहीण म्हणा, आणि सिझियम हळूहळू मुरत नेमकं त्या थरात पोचलेलं. २०२३ च्या एका अभ्यासानं दाखवलं की त्यात जुन्या अणुचाचण्यांच्या धुळीचाही वाटा आहे. म्हणजे आजोबांनी फोडलेल्या बॉम्बचा हिशेब नातवाच्या ताटात. रामटेककडच्या शेतकऱ्याला डुकरानं पीक खाल्लं म्हणून नुकसानभरपाईचे अर्ज भरावे लागतात. तिकडे डुक्कर खाता येत नाही म्हणून शिकाऱ्याला सरकार भरपाई देतं. ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरांवरच्या मेंढ्यांवर याच सिझियमपायी लागलेले निर्बंधसुद्धा २०१२ मध्ये उठले, सव्वीस वर्षांनी.

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्राबद्दल लिहिताना मात्र माझा हात जड होतो, कारण तिथली जनावरं रानातली नव्हती, गोठ्यातली होती. ११ मार्च २०११ ला भूकंप, त्सुनामी, मग भट्ट्या वितळल्या. वीस किलोमीटरच्या आतल्या लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी निघावं लागलं. तिथं साडेतीन हजारांच्या आसपास गुरं होती. दोन-चार दिवसांत परतू, या हिशेबानं बरीच दावणीलाच राहिली. नंतर एका गोठ्याचा फोटो पाहिला होता. लाकडी खांब मधोमध कुरतडून बारीक झालेले, पेन्सिलीला टोक करतात तसे. भुकेल्या गायींनी खाल्लेले. मे महिन्यात सरकारनं उरलेल्या गुरांना मारण्याचा आदेश काढला आणि काही शेतकऱ्यांनी चक्क नकार दिला. विकता येणार नाही, दूध काढता येणार नाही, तरी रोज आत जाऊन चारा टाकत राहिले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणाऱ्या माणसाला यात वेडेपणा दिसणार नाही. माझ्या आजोबांनी तेच केलं असतं. माणसं गेल्यावर तिथंही रानडुकरं गावात शिरली, कॅमेऱ्यांत वीसवर जातींचे प्राणी टिपले गेले. त्याचेही व्हिडिओ आहेत, बासरीसकट. कुरतडलेल्या खांबांचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही.

दुसऱ्या टोकाची, जिथं तिथं राक्षस दाखवणारी मंडळीही माझ्या डोक्यात जातात. दोन डोक्यांचं वासरू, राक्षसी मासा आणि मध्यंतरी ती निळी कुत्री. चेर्नोबिलमध्ये तेव्हा मागे राहिलेल्या पाळीव कुत्र्यांचे वंशज आजही भटकतात. त्यातली काही निळी दिसली म्हणून जग हादरलं. तिथं त्यांची देखभाल करणाऱ्यांचा अंदाज असा की ती बहुधा फिरत्या संडासातल्या रसायनात लोळली होती. किरणोत्सर्गाची खरी इजा अशी पोस्टरसारखी नसते, ती दुधाळ भिंगासारखी असते.

मी अणुविजेच्या विरोधात उभा आहे असं समजू नका. कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांखाली राहणाऱ्याला कोळशाचं कौतुक सांगू नये. राखेतही थोडं युरेनियम-थोरियम असतंच. पण मंडला जिल्ह्यात, जिथं आपण कान्हा पाहायला जातो, तिथं बरगी जलाशयाच्या काठावर चुटका इथं ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांची योजना आहे. बरगी धरणानं एकदा उठवलेल्या गोंड कुटुंबांना पुन्हा उठायला सांगितलं जातंय, त्यावर वेगळं लिहीन. अणुकेंद्रांजवळ माती, पाणी, दूध, मासे तपासणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे असतात, ते चांगलंच आहे. माझं मागणं त्याच्या पुढचं आहे. भट्टीचा पहिला दगड पडण्याआधी दहा वर्षं तिथल्या पाखरांचे डोळे पाहा, पाचोळा किती दिवसांत कुजतो ते पाहा, सांबराच्या हाडात काय आहे ते पाहा, आणि ते कागद गोंडी, हिंदी, मराठीत लोकांसमोर ठेवा. काही बिघडलं नाही तर उत्तमच, कागद जंगलाच्या कामी येतील. बिघडलं तर निदान भांडायला आधीचा आकडा असेल, शेऱ्यासकट.

काल टपरीवर त्या मित्राला हे सगळं ऐकवलं, पोहे थंड होईपर्यंत. तो बराच वेळ मोबाईल उलटा ठेवून बसला होता.

"एवढं मोजन कोन बे?"

मला उत्तर सुचलं नाही. पोह्याचे पैसे त्यानं दिले.