आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे मोनो परत आला, असं नव्हे

सतत थकवा, दर दोन-तीन महिन्यांनी घसादुखी, मानेत हाताला लागणाऱ्या गाठी. अशा तक्रारी असलेल्या माणसाला एक मजकूर कुणी ना कुणी पाठवतंच. त्याचा मथितार्थ असा: मोनोन्यूक्लिओसिस (थोडक्यात मोनो), म्हणजे ईबीव्ही या विषाणूमुळे होणारा ताप, घसादुखी आणि गाठींचा आजार, एकदा झाला की कधीच बरा होत नाही, पुन्हा पुन्हा उलटतो. ईबीव्हीची आयजीजी टेस्ट, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडीची तपासणी, करा, पॉझिटिव्ह आली की निदान पक्कं. डॉक्टरांना यातलं काही कळत नाही. अँटिव्हायरल गोळ्या आणि सेलरीचा रस घ्या.

‘विषाणू शरीरातून जात नाही.’ हे खरं आहे, आणि ते खरं असल्यामुळेच पुढचं सगळं पटतं. एपस्टीन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, रक्तातल्या बी पेशींमध्ये आयुष्यभर सुप्त राहतो. अधूनमधून लाळेत उतरतो, पण बहुतेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो आहे. आपल्याकडे बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होते. तेव्हा साधा ताप येतो किंवा तोही येत नाही.

‘आयजीजी पॉझिटिव्ह, म्हणजे मोनो चालू आहे.’ वरचं खरं असेल तर हे खोटं ठरतं. आयजीजी अँटीबॉडी लागण होऊन गेल्याची खूण असते आणि ती जन्मभर राहते. चाळिशीतल्या धडधाकट माणसाची टेस्ट केली तरी ती बहुधा पॉझिटिव्हच येईल. आकडा मोठा आला म्हणून विषाणू जोरात आहे, असाही अर्थ निघत नाही.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. व्हीसीए आणि ईबीएनए ही विषाणूची दोन प्रथिनं, आणि आयजीएम व आयजीजी हे त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडींचे दोन प्रकार. व्हीसीए आयजीएम आजाराच्या सुरुवातीला दिसते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत जाते. व्हीसीए आयजीजी पहिल्या काही आठवड्यांत वाढते आणि टिकते. ईबीएनए आयजीजी मात्र दोन ते चार महिन्यांनी उगवते. म्हणून ताप येऊन दोनच आठवडे झाले असताना ईबीएनए पॉझिटिव्ह असेल, तर लागण जुनी आहे आणि आत्ताच्या तापाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. नुसती आयजीएम पॉझिटिव्ह आली तरी सावध राहावं, कारण सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूसारख्या दुसऱ्या संसर्गातही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

हा गोंधळ नवा नाही. १९८४-८५ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ताहो सरोवराकाठच्या इनक्लाइन व्हिलेजमध्ये बरीच माणसं आजारी पडली आणि महिनोन्‌महिने उभी राहीनात. पॉल चेनी आणि डॅनियल पीटरसन या तिथल्या डॉक्टरांना रुग्णांच्या रक्तात ईबीव्हीच्या अँटीबॉडी वाढलेल्या दिसल्या. ‘क्रॉनिक ईबीव्ही’ हे निदान तेव्हा सर्रास होऊ लागलं होतं. सीडीसी या सरकारी संस्थेच्या पथकाने रुग्णांच्या जोडीला निरोगी लोकांचंही रक्त तपासलं. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले निघाले. रुग्णांमध्ये गोवर आणि सीएमव्हीच्या अँटीबॉडीही वाढलेल्या होत्या, आणि तेच नमुने वेगळ्या प्रयोगशाळेत वेगळे आकडे देत होते. अखेर १९८८ मध्ये त्या आजाराच्या नावातून ईबीव्ही काढून ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव ठेवलं गेलं. माणसं खरोखर आजारी होती, पण ही टेस्ट त्यांचा आजार ओळखू शकत नव्हती. आज तीच टेस्ट स्वतःहून करून निदान ठरवणाऱ्या माणसाचे पैसे जातात, आणि वेळही.

‘घसा आणि गाठी परत आल्या, म्हणजे मोनोच.’ मला सगळ्यात जास्त धास्ती या वाक्याची वाटते. मोनोसारखं दिसणारं दुखणं सीएमव्ही, टॉक्सोप्लाझ्मा, हिपॅटायटिस, एवढंच काय, एचआयव्हीच्या ताज्या लागणीतही होतं. त्या दिवसांत एचआयव्हीची नुसती अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. तशी शक्यता असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं आणि टेस्ट पुन्हा करावी. मानेतली गाठ आपल्याकडे टीबीची असू शकते, क्वचित लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची. तीन-चार आठवड्यांत न गेलेली, वाढणारी, कडक किंवा गळपट्टीच्या हाडावरची गाठ, सोबत रात्री दरदरून घाम आणि घटणारं वजन, हे ‘जुना मोनो’ म्हणून अंगावर काढू नका. सुईने नमुना घ्यावा की गाठ काढून तपासावी, हे डॉक्टर ठरवतील. नुसता थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि झोप आधी पाहावी.

सतत उसळणारा, जिवावर बेतणारा ईबीव्हीचा आजार आहे, नाही असं नाही. पण तो फार दुर्मीळ असून मुख्यतः पूर्व आशियात आणि लॅटिन अमेरिकेत आढळतो. त्यात महिनोन्‌महिने ताप येतो, यकृत-प्लीहा सुजतात, आणि रक्तात विषाणूचा डीएनए किती आहे ते मोजावं लागतं. आयजीजीवरून तो कळत नाही.

‘डॉक्टरांना कळत नाही.’ या तक्रारीत तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. मोनोस्पॉट ही मोनोची झटपट रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत रुग्ण चुकवते. चाळिशीनंतर पहिल्यांदा लागण झाली तर घसा आणि गाठी फारशा दिसत नाहीत, लांबलेला ताप आणि कधी कावीळ दिसते, त्यामुळे निदान हुकतं. मोनो बरा झाल्यावर उरणारा थकवाही खरा असतो. ऑस्ट्रेलियातल्या डबो इथे ईबीव्हीसह तीन संसर्गांच्या २५३ रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के लोक थकव्याने बेजार होते. तो थकवा कुणाला राहील हे मूळ आजार किती तीव्र होता यावर ठरत होतं, मनाच्या कमकुवतपणावर नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ एवढं बोलून अशा माणसाला घरी पाठवणं चूकच आहे.

‘अँटिव्हायरल आणि सेलरी.’ असायक्लोव्हिरने घशातला विषाणू कमी होतो, पण साध्या मोनोत आजार त्याने लवकर बरा होत नाही. सेलरीच्या रसाला काही आधार नाही. ताज्या मोनोत विश्रांती, पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि प्लीहा सुजलेली असू शकते म्हणून निदान तीन आठवडे कबड्डी, क्रिकेट, वजनं उचलणं बंद. आधीच्या आजारात अमॉक्सिसिलिन घेऊन अंगभर पुरळ उठलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मोनोत असं पुरळ बऱ्याचदा उठतं. ते पेनिसिलिनच्या खऱ्या ॲलर्जीचं असेलच असं नाही, आणि तशी नोंद फाइलवर पडली असेल तर ती तपासून घेता येते.