रीफ टँकच्या लाइटबद्दल फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मरीन टँकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, मोठ्या रीफ टँकसाठी (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक) लाइट कसा निवडायचा म्हणून. मला तो किमान चार वेगवेगळ्या लोकांकडून आला आणि प्रत्येकाने खाली "एकदम सोपं करून सांगितलंय" असं लिहिलेलं. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: एका लिटरला एक वॉट धरा, लाइट कुठलाही असो. केल्विन जितका जास्त तितका लाइट पॉवरफुल, म्हणून सरळ २०००० केल्विन घ्या. रिफ्लेक्टर म्हणजे नुसता चकचकीत पत्रा, त्यावर पैसे घालवू नका, स्टीलचा पत्रा, आरसा नाहीतर किचन फॉइल लावा. उंची दुप्पट केली की उजेड पाव होतो म्हणून लाइट पाण्याला जेवढा टेकवता येईल तेवढा टेकवा. एलईडी थंड असतो, चिलर (टँकचं पाणी गार करणारं मशीन) लागत नाही. कोरल तपकिरी पडलं की लाइट फुल करून १२ तास चालू ठेवा. आणि सगळ्यात शेवटी, खात्री करायची असेल तर आधी मालवणकडचा कोरलचा एखादा तुकडा मागवून टाकून बघा.

हे वाचून नवीन माणूस लाखभर रुपयांचा सेटअप उभा करतो आणि दोन महिन्यांत कोरल पांढरं पडतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ते वॉटचं. हे आलंय अमेरिकेतल्या जुन्या "वॉट पर गॅलन" हिशोबातून, तिथे रीफसाठी गॅलनला ३ ते ५ वॉट म्हणायचे आणि गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, म्हणजे झाला साधारण लिटरला एक वॉट. तेव्हा सगळ्यांकडे जवळपास सारख्याच फ्लोरोसंट ट्यूब होत्या आणि टँकही ठराविक मापाचे, त्यामुळे तो अंदाज चालून जायचा. पण वॉट म्हणजे तुमच्या मीटरवर किती वीज गेली ते, कोरलवर किती उजेड पडला ते नाही. एकाच ४०० वॉटच्या मेटल हॅलाइड बल्बला (रीफवर लावतात तो प्रखर, खूप तापणारा बल्ब) बॅलास्ट, म्हणजे त्याला वीज पुरवणारा चोक, बदललं तरी आउटपुट बदलतं, बल्बची कंपनी बदलली तरी बदलतं, आणि रिफ्लेक्टर बदलला तर फारच. पेन स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक संजय जोशी यांनी बल्ब, बॅलास्ट आणि रिफ्लेक्टर यांच्या जोड्या लावून लावून मोजमापं घेतली आणि छापली, वॉट तेच ठेवूनही आकडे किती वेगळे येतात हे त्यात स्पष्ट दिसतं.

आणि लिटर तरी काय सांगतं? समजा एक टँक ६ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. दुसरा ४ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच. दोन्हीत पाणी तेवढंच, साधारण १०६० लिटर. पहिल्याला वरून १५ चौरस फूट पसरून उजेड द्यायचाय, दुसऱ्याला १० चौरस फूटच पण खोल पोचवायचाय. दोघांचा लाइट सारखा कसा असेल? पहिल्याला पसरट रिफ्लेक्टर नाहीतर जास्त संख्येने एलईडी फिक्स्चर लागणार, दुसऱ्याला उजेड खाली खेचून नेणारा खोल पेंडंट (वरून टांगलेला दिवा) नाहीतर अरुंद लेन्स. मेसेजच्या हिशोबात हा फरकच येत नाही.

मोजायचं असतं ते पॅर, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात ते, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. टँकमध्ये मशरूम आणि झोआ ही मऊ कोरल ५० ते १०० मध्ये मजेत राहतात, बहुतेक एलपीएस (कठीण सांगाड्याची, मोठ्या पॉलिपची कोरल) ७५ ते १५० मध्ये, ॲक्रोपोरासारख्या एसपीएसना (कठीण सांगाड्याची, छोट्या पॉलिपची) लोक २५० ते ४०० देतात. मोबाईलच्या लक्स ॲपवर विसंबू नका, लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने ठरलेलं माप आहे, त्याचा जोर ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्यावर, त्यामुळे निळ्या रीफ लाइटखाली ते भलतंच कमी दाखवतं.

केल्विनबद्दल तर बरोबर उलटं आहे. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग कसा दिसतो ते, किती आहे ते नाही. मेटल हॅलाइडमध्ये त्याच वॉटचा ६५०० किंवा १०००० केल्विनचा बल्ब साधारणपणे २०००० वाल्यापेक्षा जास्त पॅर देतो. २०००० घ्यायचं कारण दिसणं, आणि ते कारण चांगलंच आहे, मला स्वतःला निळसर टँक आवडतो, पण मग तेवढी तूट बल्बच्या संख्येने किंवा रिफ्लेक्टरने भरून काढायला लागते हे माहीत पाहिजे. निळा उजेड कामाचा नाही असंही नाही, कोरलच्या आत राहणाऱ्या झुझँथेली या सूक्ष्म शेवाळाकडे क्लोरोफिल ए आणि सी२ आहे, शिवाय पेरिडिनिन, आणि ही उजेड शोषणारी रंगद्रव्यं निळ्या पट्ट्यात भरपूर शोषतात. पण दुकानात निळ्या लाइटखाली कोरल जे पेटल्यासारखं दिसतं ते त्याच्यातल्या फ्लोरोसंट प्रोटीनमुळे, निळा उजेड आत घेऊन हिरवा-केशरी बाहेर टाकणारं. ते बघून लाइटची ताकद ठरवता येत नाही, आणि कोरल निरोगी आहे की नाही तेही नाही. विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला एक मिनिट पांढरा लाइट लावायला सांगाच.

आता रिफ्लेक्टर, ज्याच्यावर मेसेजमध्ये एक ओळ आहे आणि जिथे खरं नुकसान होतं.

हॅलाइडचा आर्क (बल्बच्या आत पेटणारी ठिणगी) चारी बाजूंना उजेड फेकतो. म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड वर आणि बाजूला जातो, आणि तो वळवून टँकमध्ये आणणं हे रिफ्लेक्टरचं काम. इथे दोन गोष्टी असतात, पत्र्याचा कस आणि आकार. कसाचं गणित सोपं आहे. साधं पॉलिश केलेलं ॲनोडाइज्ड (वर संरक्षक थर दिलेलं) ॲल्युमिनियम साधारण ८६ टक्के उजेड परत देतं, चांगलं कोटिंग असलेलं ९५ टक्क्यांपर्यंत, स्टेनलेस स्टील दिसायला कितीही लखलखीत असलं तरी ६०-६५ टक्के. बऱ्याचदा उजेड एकदा नाही तर दोनदा आपटून खाली येतो, आणि मग ९५ वाल्यातून ९० टक्के उरतो, ८६ वाल्यातून ७४, स्टीलमधून जेमतेम ४०. उरलेला उजेड पत्रा गरम करतो. किचन फॉइल चुरगळतं, प्रत्येक सुरकुती उजेड वेगळीकडे पाठवते, आणि खारट वाफेत त्याला भोकं पडायला लागतात. आरशात चांदी काचेच्या मागे असते, उजेड काचेतून दोनदा जातो, आणि हॅलाइडच्या गरमीत काच तडकून टँकमध्ये पडायची भीती वेगळीच. हातात काहीच नसेल तर हूडला (टँकवरच्या झाकणाला) आतून स्वच्छ पांढरा रंग फॉइलपेक्षा बरा, उजेड पसरतो पण निदान खाली येतो.

आकार त्याहून महत्त्वाचा. सपाट पत्रा बल्बच्या डोक्यावर ठेवला की उजेडाचा मोठा भाग परत बल्बवरच येतो, बल्ब जास्त तापतो, टँकला काही मिळत नाही. टी५ म्हणजे बारीक फ्लोरोसंट ट्यूबमध्ये हे फार छान दिसतं, जमलं तर एकदा प्रत्यक्ष बघा. ट्यूब फक्त १६ मिलिमीटर जाडीची, तिच्या मागे तिच्या एकटीचा वळणदार रिफ्लेक्टर असला आणि खालून वर बघितलं (गडद चष्मा लावून, सरळ डोळ्याने नको) तर ट्यूबच्या दोन्ही बाजूंना तिच्या उजळ प्रतिमा दिसतात, जणू एकाच्या तीन ट्यूब आहेत. सगळ्या ट्यूबना मिळून एक सपाट पत्रा असलेल्या स्वस्त फिक्स्चरखाली तसंच बघितलं की मधे काळपट पट्टे दिसतात. वॉट तेच, ट्यूब त्याच. सहा ट्यूबचं सुटे रिफ्लेक्टर असलेलं फिक्स्चर मी आठ ट्यूबच्या सपाट पत्रावाल्यापेक्षा केव्हाही घेईन.

आणि रिफ्लेक्टर कितीही भारी असला तरी त्याच्यावर मीठ बसतं. बुडबुडे फुटून बारीक खारे थेंब उडतात, वाळून पांढुरका थर होतो, आणि तो इतका हळूहळू जमतो की डोळ्याला फरक कळतच नाही, लोक बल्ब जुना झाला म्हणून नवीन आणतात. लाइट बंद करून पूर्ण गार होऊ द्या, आरओच्या पाण्यात मऊ कापड भिजवून हलक्या हाताने पुसा. घासणी किंवा भांड्यांची पावडर अजिबात नको, ॲनोडाइज्ड थराला एकदा चरे पडले की ते जात नाहीत. हो, आणि डबल-एंडेड (दोन्ही टोकांना जोडणी असलेला) हॅलाइड बल्ब असेल तर खालची यूव्ही काच काढून चालवू नका, त्या बल्बला स्वतःचं बाहेरचं कवच नसतं, कोरल भाजतं आणि तुमचे डोळेही.

एलईडीला बाहेरचा रिफ्लेक्टर फारसा लागत नाही हे मात्र खरं, कारण चिप एकाच बाजूला उजेड टाकते. पण मग तेच काम लेन्स करते, आणि लेन्सचा कोन बघायलाच पाहिजे. ठाण्यात एका मित्राच्या ६ फुटी टँकवर अरुंद लेन्सचे दोनच फिक्स्चर होते, पॅर मीटर फिरवला तर फिक्स्चरच्या बरोबर खाली साडेतीनशेच्या वर आणि मधल्या भागात शंभरही नाही, फांद्यांच्या खालच्या बाजूला तर दाट सावली. वॉट भरपूर होते. तिथे दोन फिक्स्चर वाढवून सगळ्यांची पॉवर कमी केली आणि कडेने दोन टी५ लावल्या तेव्हा उजेड सारखा झाला.

उंची दुप्पट केली की उजेड पाव, हा नियम मोकळ्या हवेतल्या उघड्या बिंदूसारख्या दिव्याचा आहे. रिफ्लेक्टर किंवा लेन्स लावली की किरण एका दिशेने बांधले जातात आणि घट कमी होते. शिवाय पाण्यात शिरताना किरण वाकतात, उभ्या रेषेपासून ४८-४९ अंशांपेक्षा जास्त तिरपे ते राहतच नाहीत, आणि त्यातले बहुतेक बाजूच्या काचेवर इतके तिरके आदळतात की काच त्यांना आरशासारखी आत परत पाठवते. काच स्वच्छ असेल तर, शेवाळ असेल तर नाही. म्हणून लाइट पाण्याला टेकवू नका, टेकवल्यावर मधोमध झळाळ आणि कडेला अंधार, वर शिंतोडे आणि मीठ. हॅलाइडला ९ ते १२ इंच ठेवून सुरुवात करा, एलईडीला लेन्सप्रमाणे, आणि मोजून वर-खाली करा.

चिलरचं पटकन सांगतो. एलईडीची उष्णता वरच्या हीटसिंकमधून जाते, हॅलाइडसारखी खाली पाण्यात ओतली जात नाही, हा मोठा फायदा आहेच. पण ४०० वॉटचा एलईडी म्हणजे तासाला साधारण १३६५ बीटीयू (उष्णतेचं माप), ते त्याच खोलीत राहतात, आणि रिटर्न पंपाची (पाणी फिल्टरमधून परत टँकमध्ये आणणारा पंप) गरमी वेगळी. मे महिन्यात मुंबईत बिनएसीच्या खोलीत ३२-३३ अंश असताना पाणी २६ ला राहायचं तर लाइट कुठलाही असो, चिलर नाहीतर एसी लागतोच. पुणे-नाशिकला उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तिथे पाण्यावर पंखा मारून बरंच भागतं, मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं.

तपकिरी पडलं की लाइट फुल, हा सल्ला सगळ्यात धोक्याचा आहे. तपकिरी म्हणजे झुझँथेली वाढली. ती कमी उजेडामुळे वाढते आणि नायट्रेट-फॉस्फेट जास्त असेल तरीही वाढते, म्हणून आधी पाणी टेस्ट करा. आणि उजेड कमीच असला तरी एका दिवसात दुप्पट केला तर काय होतं, पेशींमध्ये प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा झेपेनाशी होते, ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि कोरल ती शेवाळं बाहेर टाकून देतं. हेच ब्लीचिंग. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, महिना-दीड महिना लागू दे. तासांचंही तसंच, समुद्रात दिवस १२ तासांचा असला तरी माथ्यावरचं ऊन मधले थोडेच तास असतं. ३०० पॅर ८ तास दिला तर दिवसाला ८.६ मोल फोटॉन होतात, १२ तास फुल ठेवला तर जवळजवळ १३. एवढी उडी कोरलला एकाएकी द्यायची गरज नाही.

आणि तो मालवणचा तुकडा. दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, वाघ आहे त्याच यादीत. आपल्या समुद्रातलं तोडणं, विकणं, घरी ठेवणं, सगळा गुन्हा. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या किनाऱ्यावर कोरल आधीच थोडं आहे, गढूळ पाण्यात, गाळाशी झगडत टिकलेलं, ते लाइटची चाचणी म्हणून मारायला ज्याने सुचवलं त्याचा मला खरोखर राग आलाय. हा मेसेज कोणी पाठवला तर निदान ही ओळ काढायला लावा.

लाइटची चाचणी मीटरने होते. टँकमध्ये पाणी आणि दगड भरून झाले की, कोरल घालायच्या आधी, कागदावर टँकचा वरून दिसेल तसा नकाशा काढा, सहा-सहा इंचांचे चौकोन पाडा, आणि प्रत्येक चौकोनात तीन खोलींवर मीटर धरून आकडा लिहा, वाळूवर, मध्यावर आणि दगडाच्या टोकावर. पंप चालू ठेवून मोजा, पाणी हलल्यामुळे आकडा नाचतो, थोडा वेळ थांबून सरासरी घ्या. जुन्या मॉडेलचे सेन्सर निळा उजेड कमी मोजतात, म्हणून मीटर फुल स्पेक्ट्रम आणि पाण्यात चालणारा आहे ना ते विचारून घ्या. महाग असतो, पण वर्षातून दोन-तीनदाच लागतो, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तरी पुरतो, ठाणे-डोंबिवली पट्ट्यात कोणाला लागला तर आमचा घेऊन जा.