तुमचे ओठ हलतात

"काका, राग मानू नका, पण वाचताना तुमचे ओठ हलतात."

सकाळची बोरिवली-चर्चगेट फास्ट आणि मला बसायला मिळालेलं. एवढं सांगितलं की मुंबईकराला माझ्या त्या क्षणीच्या मनःस्थितीबद्दल आणखी काही सांगावं लागणार नाही. पिशवीतून कादंबरी काढली, खुणेचं पान उघडलं, दोन परिच्छेद होतात न होतात तोच डोक्यावरून हे वाक्य खाली आलं. बोलणारा दोन बाकांच्या मधल्या जागेत कडी धरून उभा. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, एका कानात काहीतरी खुपसलेलं, वय पस्तिशीच्या आसपास. पस्तिशीच्या माणसाने मला काका म्हणावं का, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तोही मी लिहिणार आहे.

त्याने आधी रीतसर "कुठे?" विचारलं होतं. मी "चर्चगेट" म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. लोकलमध्ये उभ्या माणसाला बसलेल्या माणसाच्या आयुष्यातली एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, तो कधी उठणार. माझी सीट मिळणार नाही म्हटल्यावर माझ्याकडून निदान काहीतरी वसूल करावं असं त्याने ठरवलं असणार. त्यात गाडी बोरिवलीहून सुटली की थेट अंधेरी. मालाड, गोरेगाव ही गावं नुसती खिडकीतून बघायची. पळून जायची सोय नाही.

"हलतात का?" मी म्हटलं.

"पुटपुटल्यासारखे. तुम्ही प्रत्येक शब्द मनात उच्चारताय. त्याला सबव्होकलायझेशन म्हणतात. त्यानेच तुमचा स्पीड मरतो."

"मला कुठे घाई आहे? चर्चगेटपर्यंत जायचंय."

"तसं नाही काका. बोरिवलीला कितव्या पानावर होतात?"

"एकेचाळीस."

"आणि आता?"

"एकेचाळीसच."

त्याने 'च्' केलं. डॉक्टर रिपोर्ट वाचताना करतात तो 'च्'.

"आहे कशावर पुस्तक?"

"कादंबरी आहे."

"हो, पण कशावर?"

आता ह्याला काय सांगणार? "एक म्हातारा विहिरीपाशी बसलाय," मी म्हटलं.

"बरं."

"त्याचा मुलगा शहरातून येणार आहे. जमीन विकायला."

"मग?"

"अजून आला नाही."

"एकेचाळीस पानं म्हातारा विहिरीपाशीच?"

"मध्ये एकदा उठला होता. घोंगडी आणायला."

इथे समोरच्या विंडोवरचे गृहस्थ, जे इतका वेळ फोनवर रमी खेळत होते, मान वर करून म्हणाले, "विहिरीला पाणी आहे का?"

मी म्हटलं, तसं अजून लिहिलेलं नाही.

"हेच ना," असं म्हणून ते परत रमीत गेले. त्यांचं 'हेच ना' मराठी कादंबरीबद्दल होतं, शेतीबद्दल होतं की हातातल्या पानांबद्दल, ते कळायला मार्ग नव्हता.

उभ्याने मात्र मला सोडलं नाही. "पण टेकअवे काय याचा? म्हणजे वाचून झाल्यावर घेऊन काय जायचं?"

"घेऊन नाही जाता येत. वाचनालयाचं आहे, परत करावं लागतं."

चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून बसलेला माणूस खो खो हसला, आणि हसताना त्याची ती अर्धीही घसरली. सावरून बसत त्याने विचारलं, "परीक्षा आहे का तुमची? डिपार्टमेंटल?"

"नाही हो," रमीवाले खाली बघूनच त्याला म्हणाले, "हौसेने वाचतायत ते." आवाज असा खाली आणून, की जणू मला काय झालंय ते घरच्यांनी मला सांगितलेलं नसावं.

मग उभ्याने स्वतःचं सांगायला सुरुवात केली. त्याच्या फोनमध्ये एक अॅप आहे. अख्खं पुस्तक पंधरा मिनिटांत. तेही तो दुप्पट वेगाने ऐकतो, म्हणजे साडेसात. जिममध्ये एक, गाडीत एक, रात्री झोपताना एक. या वर्षी शंभर झाली, डिसेंबर अजून शिल्लक आहे. त्याने मला पडद्यावर पेटलेली छोटीशी ज्योत दाखवली. रोज ऐकलं की ती पेटती राहते, एक दिवस चुकला की विझते. घरच्या देवासमोर एवढ्या नेमाने कुणी निरांजन लावत असेल असं वाटत नाही.

"कुठली कुठली झाली?" मी विचारलं. कुत्सितपणे नव्हे. बरं, थोडं कुत्सितपणे.

"एक सवयींवर होतं. मग एक श्रीमंत होण्यावर. मग पहाटे पाचला उठण्यावर."

"काय होतं त्यात?"

"कशात?"

"पाचला उठण्याच्या पुस्तकात."

तो थोडा थांबला. "पाचला उठायचं असं होतं," तो म्हणाला, आणि मग, "हायलाइट्स आहेत ना अॅपमध्ये."

माझ्या मते पुस्तकाचा सारांश ऐकणं म्हणजे लग्नाला न जाता आहेराची यादी वाचणं. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, रात्री भांडी घासताना सुचलं.

वांद्रं गेलं तेव्हा त्याने जे केलं त्याचा मला अजून राग आहे. "एक मिनिट द्या, दाखवतो," म्हणत त्याने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. एका हातात पुस्तक, कडी कोपराच्या वळणात अडकवलेली, आणि दुसऱ्या हाताचं बोट पानावरून नागमोडी फिरतंय. अर्ध्या मिनिटात त्याने चार पानं उलटली. आजूबाजूची पाचसहा डोकी बघत होती. पुस्तकात म्हातारा काय करतो याची कुणाला पडलेली नव्हती, पण बोट मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"झालं."

"काय आहे त्यात?"

"म्हातारा... विहीर... हां, आणि सून आलीये. कॉन्फ्लिक्ट सुरू होतोय आता."

पुस्तक परत मिळालं तेव्हा त्यातली खूण गायब होती. जुन्या पासाचा तुकडा होता, गेला कुणाच्या तरी बुटाखाली. दादर आलं, तो दारापाशी सरकला आणि गर्दीतून मान काढून म्हणाला, "पॉझिटिव्हली घ्या, काका!"

दादरनंतर मी ती चार पानं वाचली. ओठ घट्ट मिटून वाचली, हेही सांगतो. त्यात सून नाही. शेळी आहे.

रात्री बायकोसमोर बसून अर्धं पान वाचलं आणि म्हटलं, खरं सांग, हलतात का? ती म्हणाली, "हलतात की. लग्नाआधीपासून हलतात. तुझ्या आईनेच सांगितलं होतं." म्हणजे हा खानदानी विषय होता आणि मला कुणी कळवलं नव्हतं.

मग मी हट्टाने शोधायला बसलो. हा बोट फिरवण्याचा प्रकार नवीन नाही. अमेरिकेत एव्हलिन वूड नावाच्या बाईंनी 1959 साली त्याचे वर्ग काढले आणि ते धो धो चालले. पुढे कीथ रेनर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या दाव्यांची झाडाझडती घेतली. ती 2016 साली प्रसिद्ध झाली. तात्पर्य एवढंच, की वेग वाढवला की समजणं कमी होतं. चाळायचं असेल तर खुशाल चाळा, पण त्याला वाचन म्हणू नका. आणि ते मनातल्या मनात उच्चारणं? ते बंद केलं तर समजायलाच जड जातं. हे वाचून मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिने "बरं" म्हटलं. उभा कुठे भेटला असता तर त्यालाही दाखवलं असतं. पण मुंबईत ज्याच्या तोंडावर कागद फेकून मारायचा असतो तो माणूस पुन्हा त्या डब्यात येत नाही.

आणखी एक सापडलं. बेल्जियममधल्या मार्क ब्रिस्बार्ट यांनी 2019 साली 190 अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस ललितेतर मजकूर मिनिटाला सरासरी 238 शब्दांनी वाचतो, कथा-कादंबरी जरा जास्त वेगाने, 260. शांतपणे बसलेला माणूस, अर्थात. त्याच्या मांडीवर कुणाची सॅक नाही, डोक्यावर कुणी शिकवणारा नाही. मराठीचा आकडा मला मिळाला नाही, म्हणून माझ्यासाठी 200 धरला. रोजच्या वीस मिनिटांत चार हजार शब्द, म्हणजे छापील पंधराएक पानं. दोनशे पानी कादंबरी दोन आठवड्यांत सहज. आमच्या वाचनालयात पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळतं. ज्याने कुणी तो नियम केला त्याने हे सगळं अॅपशिवाय ताडलं होतं.

कामाच्या रगाड्यात वाचनाची सवय लावायला याहून मोठं शास्त्र मला तरी लागलेलं नाही. पिशवीत फोन डब्याच्या खाली, पुस्तक डब्याच्या वर. पुस्तक एका हातात मावेल असं. चाळीस पानांत जमलं नाही तर बदलून आणायचं, अपराधी वाटून घ्यायचं नाही. आणि ते शक्यतो दुसऱ्याचं असावं. स्वतःच्या पुस्तकाला परतीची तारीख नसते, म्हणून ते माळ्यावर जातं. आमच्या घरात माळा आहे, पुस्तकांचं कपाट नाही. कपाट ठेवलं तर माणूस बाहेर उभा करावा लागेल.

पण हे ऐकायला कुणाला वेळ आहे? सगळ्यांना फायदा हवा. आमच्या ऑफिसात 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन साजरा झाला. प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. मग पुस्तकं परत घेऊन कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली अॅडमिनच्या बाईंकडे, त्या दिवाळीला गावी गेल्या. परत आल्या तेव्हा कपाटात टोनर ठेवलेले आढळले. पुस्तकं कुठे गेली ते विचारल्यावर मला म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हवी होती?" याला उत्तर नाही. साखर का हवी, पंखा का हवा असं कुणी विचारत नाही. कादंबरी का हवी ते मात्र लेखी द्यावं लागेल अशी वेळ आली आहे.

आणि शहराबद्दलही बोलूनच घेतो. फोर्टात काम करतो म्हणून आधी जेवणाच्या सुट्टीत स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये डोकावता यायचं. 1948 चं दुकान, 2018 ला बंद झालं. काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत. त्यांत पडून राहण्याइतकी सुट्टी मात्र मला नसते. अर्धा तासच असते, त्यातली निम्मी डबा गरम करण्यात जाते. जाऊन-येऊन तीन तास प्रवास, नऊला घरी पोचावं तर साहेबांचा मेसेज, "पाहिलंत का?" माणसाचे सगळे तास काढून घ्यायचे आणि उरलेल्या मिनिटांत त्याने वेगाने वाचावं म्हणून त्याला बोट फिरवायला शिकवायचं, हा कुठला न्याय? वाचनालयही आठला बंद होतं. म्हणजे नोकरी करणाऱ्याने पुस्तक बदलायचं ते शनिवारी, आणि शनिवारी तिथे आमच्यासारख्यांचीच रांग.

रांगेचा हंगाम सध्या जोरात आहे, कारण दिवाळी अंक योजना. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्या माणसाचे मराठी नोकरदारावर फार उपकार आहेत. कथा तीन स्टेशनांची, कविता एका स्टेशनाची, आणि कंटाळा आला तर व्यंगचित्रं. योजनेचे पैसे भरा, एक अंक न्या, वाचा, आणा, दुसरा न्या. संक्रांतीपर्यंत तरी वाचनाची सवय लावायची चिंता नाही. फक्त जो अंक हवा असतो तो कायम 'बाहेर' असतो, आणि कुणाकडे आहे ते मॅडम सांगत नाहीत.

गेल्या शनिवारी तो एकदाचा हाती आला. घरी येऊन उघडला तर शेवटची वार्षिक राशिभविष्याची पानं नीट पट्टी लावून फाडलेली. मेष ते कन्या शाबूत. तुळेपासून पुढे काही नाही. माझी वृश्चिक.

परत गेलो, मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पानं मोजली, रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं.

"इथे लिहा, 'पाने गहाळ', आणि खाली सही करा."

"पण मी नाही फाडली."

"लिहा हो," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुमच्या अनामतीतून जाईल. आणि मोठ्याने कशाला वाचताय? मागे रांग आहे."