चाक फिरतं पंधरा तास, हिशेब शहाण्णव तासांचा

गेल्या महिन्यात अंबडहून भाच्याचा मेसेज आला. खाली एकच ओळ होती: "मामा, हे खरंय का बघा की." वर तोच फॉरवर्ड, जो आतापर्यंत मला सात-आठ जणांनी पाठवलाय. मोसंबीच्या पैशातून डाउन पेमेंट भरायचं त्याच्या डोक्यात आहे, हे बहिणीनं आधीच कानावर घातलं होतं. म्हणून या वेळी हसून सोडून दिलं नाही.

मेसेज असा आहे. दहा टायरी ट्रक घ्या. रोजचं भाडं १० हजार, म्हणजे महिन्याला ३ लाख. डिझेल १ लाख २० हजार, हप्ता ६० हजार, ड्रायव्हर २० हजार, इतर खर्च १० हजार. शिल्लक ९० हजार. पुढे जोडपत्र: रिटर्न भाडं हमखास मिळतं, डिझेल वाढलं की भाडंही वाढतं, दोन टन जास्त भरलं तर तो निव्वळ नफा, जीएसटी कमी झालाय म्हणून हीच वेळ, सीझनला गाडी साखर कारखान्याला लावा आणि पाच वर्षांनी गाडी फुकटात आपली. शेवटी "नोकरीला राम राम".

जालन्यातून सळई घेऊन पुण्याकडं जाणारी गाडी मी चालवतो. गाडी माझी, स्टिअरिंगवरही मीच. एके काळी दोन गाड्या होत्या, आता एक आहे. खालचे आकडे माझ्या वहीच्या आसपासचे, हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केलेले. तुमच्या लाइनवर दोन-चार हजार इकडं तिकडं होतील.

"रोजचं भाडं १० हजार"

सगळी गोम या 'रोज' शब्दात आहे. ट्रकला रोजचं भाडं नसतं, फेरीचं असतं.

जालना ते पुणे तीनशे किलोमीटर धरा. पहिल्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा. संध्याकाळपर्यंत माल भरला तर नशीब. मग वजनकाटा, बिल्टी म्हणजे मालाचा कागद, ताडपत्री, आणि रात्री निघायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघोलीच्या अलीकडं पोचलो, पण शहरात अवजड गाड्यांना दिवसा ठराविक वेळेत बंदी, शिवाय गोदामवाल्याचे हमाल येतील तेव्हा येतील. खाली व्हायला संध्याकाळ. तिसरा दिवस परतीचा माल शोधण्यात आणि भरण्यात. चौथ्या दिवशी वाळूजला तो उतरवून रात्री जालना. चार दिवस म्हणजे शहाण्णव तास, आणि त्यात चाक फिरलं जेमतेम पंधरा-सोळा तास. बाकी सगळा वेळ गाडी उभी. उभ्या गाडीचा हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार मात्र चालूच.

चार दिवसांची एक फेरी म्हणजे महिन्याला सात. समृद्धी महामार्गानं हे चित्र बदलेल असं आम्हालाही वाटलं होतं. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला आणि मुंबईच्या लाइनवर गाडी खरोखर लवकर पोचायला लागली. लवकर पोचून ती तिथं उभी राहते, एवढाच फरक. रस्त्यावर वाचलेले चार तास गोदामाच्या दारात जातात आणि टोल आपल्याच खिशातून जातो.

आता फेरीचा हिशेब. जाताना १८ टन सळई, टनाला १,१०० नं १९,८०० रुपये. येताना ११ हजार मिळाले असं धरू. एकूण ३०,८००. सहाशे किलोमीटरला साधारण १४२ लिटर डिझेल लागतं. भरली गाडी चारचं अ‍ॅव्हरेज देते, येताना माल हलका म्हणून साडेचार. लिटरला ९१ रुपये धरले तर १२,९००. टोल २,०००. बीएस-६ गाडीला अ‍ॅडब्लू, म्हणजे धूर साफ करणारं द्रावण, लागतं, त्याचे ४००. दलाली, हमाली, ताडपत्रीची मजुरी आणि ज्याचं नाव लिहीत नाहीत ते, मिळून १,५००. ड्रायव्हरचा भत्ता १,०००. राहिले १३ हजार. त्यातले किलोमीटरला सव्वाचार-साडेचार रुपये टायर, ऑइल, पाटे, क्लच प्लेट, ग्रीसिंग यांचे बाजूला काढायचे. हा पैसा आज जात नाही म्हणून मेसेजवाल्याला दिसत नाही. दहा टायरचा जोड सव्वादोन लाखांच्या आसपास येतो, वर एकदा रबर चढवायचा खर्च. तो धरला की फेरीला हातात राहतात १०,४००.

"हप्ता ६० हजार, इतर खर्च १० हजार"

पासिंग, बॉडी, विमा धरून नवीन दहा टायरी रस्त्यावर यायला ४२ लाख लागतात असं समजा. ३५ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं: हप्ता ७५,२०० बसतो. साठ हजारच हप्ता हवा असेल तर कर्ज २८ लाखांचंच घ्यावं लागेल, म्हणजे वरचे १४ लाख स्वतःचे. मेसेजमध्ये या १४ लाखांचा उल्लेख नाही. भाच्याकडं सात आहेत.

"इतर खर्च" या दोन शब्दांत तर अख्खं आरटीओ कोंबलंय. २० ते ४० टन वर्गातल्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात ४३,९५० रुपये आहे. त्यावर गाडीचा स्वतःचा विमा. नॅशनल परमिटची वर्षाची फी १६,५००. रोड टॅक्स, फिटनेस वेगळं. विम्याचे महिन्याला ८ हजार आणि कागदपत्रांचे ३ हजार मी धरतो. ड्रायव्हरचा पगार २० हजार.

बेरीज करा: ७५,२०० + ११,००० + २०,००० = १,०६,२००. गाडी हलली नाही तरी हे द्यायचेच. फेरीला १०,४०० राहतात, म्हणजे नुसतं शून्यावर यायला दहाच्या वर फेऱ्या हव्यात. सात फेऱ्यांना ७२,८००. महिन्याला ३३ हजार चारशे घरातून घालायचे. स्टिअरिंगवर स्वतः बसलात तर पगार वाचतो, तरी १३ हजार तोटा. मेसेजमधले ९० हजार कुठं गेले? ते कधी आलेच नव्हते.

सरकारचंच बघा ना. १९६१ च्या आयकर कायद्यात छोट्या गाडीमालकांसाठी ४४एई कलम होतं. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यानं, वह्या दाखवायच्या नसतील तर, जड गाडीमागं एकूण वजनाच्या टनाला महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायचं. साडेअठ्ठावीस टनाच्या दहा टायरीला २८,५००. कर वसूल करायला बसलेल्या खात्यालाही ९० हजाराचा आकडा सुचला नाही.

"रिटर्न भाडं हमखास"

मिळतं. कधी आणि कितीला, ते सांगत नाहीत. जालन्याच्या भट्ट्यांना भंगार लागतं, म्हणून मुंबईकडून येताना माल सापडतो. पण आपल्या भागातून जाणारा माल आणि येणारा माल यांचा मेळ बसत नाही. लातूरला सोयाबीनचा हंगाम असला की गाडीला भाव, आणि मे महिन्यात त्याच मोंढ्याबाहेर गाड्यांची रांग. परतीच्या भाड्यात दलालाला पक्कं माहीत असतं की हा गडी घरी निघालाय, रिकामा जाणार नाही. डिझेल निघालं तरी तो भरतो. मीही भरतो.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या गेटवर परतीच्या मालासाठी तीन दिवस उभा होतो. रोज सकाळी एकच उत्तर: "मालक, गेटपास उद्या." हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मागितलं तर सुपरवायझर म्हणाला, "तुम्हाला उभं राहा म्हणून कोण म्हणलं?" त्या तीन दिवसांत माझी जवळजवळ अख्खी फेरी गेली. भाडं मात्र ठरल्याप्रमाणं मिळालं, तक्रारीला जागा नाही.

शिवाय पैसे. डिझेल रोख, टोल फास्टॅगमधून आधीच कापलेला. भाड्यातला काही हिस्सा अ‍ॅडव्हान्स आणि बाकी पोच पावती दिल्यावर, म्हणजे पंधरा दिवसांनी की पन्नास, ते समोरच्याच्या मर्जीवर. त्यात सळई वजनात दहा-वीस किलो कमी भरली की घट म्हणून कापून घेतात. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं माझी जुनी बाकी अजून आहे. फोन केला की चहाला बोलावतो.

"डिझेल वाढलं की भाडं वाढतं"

मोठ्या कंपन्यांच्या करारात तसं कलम असतं. आमच्या धंद्यात करार म्हणजे फोनवरचा "येतो का?" एवढाच. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारच्या हातून सुटले, जून २०१७ पासून ते रोज बदलायला लागले. भाडं मात्र गाड्या किती उभ्या आहेत त्यावर ठरतं. डिझेल दोन रुपयांनी वाढलं म्हणून मी टनाला पंचवीस जास्त मागितले, तर मागचा म्हणतो, "मी जातो जुन्या भावात." त्याचाही हप्ता थकलेला असतो. आणि डिझेल जागच्या जागी असलं तरी राष्ट्रीय महामार्गांचा टोल दर १ एप्रिलला सरकतो. २०२४ साली निवडणुकीमुळं तो जूनपर्यंत थांबला, तेवढीच काय ती सवलत.

"दोन टन जास्त भरा, तो निव्वळ नफा"

दोन टनांचे २,२०० मिळतील. पकडलं तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. म्हणजे २४ हजार, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. अकरा फेऱ्यांचा "निव्वळ नफा" एका काट्यावर गेला. पाटे मोडतात, टायर फुटतात, ते धरलेलंच नाही.

यातली खरी गंमत मात्र कायदेशीर वजनात आहे. जुलै २०१८ मध्ये सरकारनं आसभार, म्हणजे गाडीच्या एकेका आसावर चालणारं वजन, वाढवला. दहा टायरीचं एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टन झालं. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. थोड्याच दिवसांत कळलं की गाडीत साडेतीन टन जास्त बसतात, हे माल देणाऱ्यालाही कळतं. तेवढाच माल कमी गाड्यांत मावायला लागला, रांगेत गाड्या वाढल्या आणि टनाचा भाव खाली आला. टायर आणि डिझेल मात्र साडेतीन टनांच्या हिशेबानं वाढले.

"जीएसटी कमी झालाय, हीच वेळ"

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, हे खरं. ३२ लाख मूळ किमतीच्या गाडीत ३ लाख २० हजार वाचतात. हप्त्यात ते ६,९०० च्या आसपास. एका फेरीच्या शिलकीहून कमी. आणि वर ४२ लाख धरले ते कर कमी झाल्यानंतरचेच.

"सीझनला गाडी कारखान्याला लावा"

हे वाचून मला राग आला, कारण बीड-धारूर-केजकडं यात बुडालेली घरं मी पाहिलीत. ऊस वाहतुकीत गाडीमालक कारखान्याशी करार करतो, उचल घेतो आणि ती मुकादमाला देतो. मुकादम ऊसतोड मजुरांची टोळी आणतो. टोळी आली, टिकली, तर चार महिने गाडीला काम आहे आणि पैसाही आहे. टोळी अर्ध्यातून निघून गेली किंवा आलीच नाही, तर कारखान्याच्या कागदावर कर्जदार गाडीमालक. मुकादमाला शोधत फिरायचं, पोलीस ठाण्यात जायचं, आणि तिकडं फायनान्सवाला गाडी ओढायला तयार. ही वाहतूक म्हणता म्हणता सावकारी होते, आणि सावकार आपण नसतो.

"पाच वर्षांनी गाडी फुकटात आपली"

एवढं एक अर्धं खरं आहे. माझी गाडी जुनी, बीएस-४, हप्ते फिटलेली. दुरुस्ती जास्त म्हणून फेरीला साडेआठ हजारच राहतात. सात फेऱ्यांचे ५९,५००, कागदपत्रांचे ९ हजार वजा, पन्नास हजारांच्या आसपास घरी येतात. यातले वीस हजार माझी ड्रायव्हरकी, कारण तीच मेहनत दुसऱ्याकडं केली असती तर तेवढे मिळाले असते. उरलेल्या तीसमधून पुढच्या गाडीचे बाजूला टाकायचे. ज्या महिन्यात टाकत नाही, त्या महिन्यात मी गाडी खातोय असं बायको म्हणते. तिचा हिशेब माझ्याहून पक्का आहे.

पण या पन्नास हजारांपर्यंत पोचायला आधी साठ हप्ते भरावे लागतात, आणि ते मी दुसरी गाडी विकून भरले.

भाच्याला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. येत्या सोमवारी पुण्याचा माल आहे. क्लीनरच्या जागी तो येतोय. गेटवर नंबर लागल्यापासून खाली होईपर्यंत गाडी किती वेळ उभी राहिली, ते त्यानं मोबाइलवर घड्याळ लावून लिहायचं, असं ठरलंय. बहिणीनं दोन दिवसांची दशमी बांधून द्यायचं म्हटलं होतं. मी म्हणालो, चार दिवसांची दे.