मुलींच्या बॅचला आधी लँडिंग का? एका रिव्ह्यूला उत्तर
नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की मुलीला व्हॉलीबॉल शिकायला घातलं आणि महिना झाला तरी नुसतं बॉक्सवरून उड्या मारायला लावतात, शेजारी मुलांची बॅच स्मॅश मारतेय, म्हणजे मुलगी म्हणून तिला मागे ठेवलंय आणि फी फुकट गेली. मागे अजिबात ठेवलेलं नाही. लँडिंगचं, म्हणजे उडीवरून नीट खाली यायचं ड्रिल मुलांनाही आहे, पण मुलींना त्यासाठी जास्त वेळ देतो हे खरंय आणि ते मुद्दाम देतो.

फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत गुडघ्यातलं एसीएल (मांडीचं आणि नडगीचं हाड धरून ठेवणारं लिगामेंट) तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये 2 ते 3 पट तरी जास्त आहे आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्का लागलेला नसतो, उडीवरून खाली येताना किंवा पळता पळता एकदम वळताना तुटतं. वयात येताना मुलींची उंची-वजन भराभर वाढतं पण मांड्या-कंबरेची ताकद मुलांसारखी आपोआप वाढत नाही, मग पाय ताठ ठेवून उतरायची सवय लागते आणि गुडघा आत झुकतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 205 खेळाडू मुलींचं लँडिंग मोजून ठेवलं होतं, त्यातल्या 9 जणींचं एसीएल पुढे तुटलं आणि त्यांचा गुडघा उतरताना आधीपासूनच इतरांपेक्षा जास्त आत जात होता.

स्मॅश मारून उजव्या हाताची खेळाडू बऱ्याचदा एकट्या डाव्या पायावर येते, सगळा भार त्या एका गुडघ्यावर. म्हणून आधी बॉक्स. चवडा आधी टेकला पाहिजे मग टाच, गुडघा वाकलेला आणि पावलाच्या रेषेत, छाती एका बाजूला कलंडायला नको, आणि धप्प आवाज आला की ती उडी परत. बघायला कंटाळवाणं वाटतं, मान्य. पण असं ट्रेनिंग नियमित केलं तर मुलींमध्ये ही दुखापत साधारण निम्म्यावर येते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पूर्ण टळेल अशी गॅरंटी मी देत नाही, कुणीच देऊ नये.

एसीएलचं ऑपरेशन झालं की परत मॅच खेळायला किमान 9 महिने जातात, आणि आपल्याकडे मुलगी एवढे महिने घरी बसली की तिचा खेळ कायमचाच सुटतो, हे मी पाहिलंय आणि मला ते फार लागतं.

तुमच्या मुलीचं लँडिंग कसं आहे ते इथे सगळ्यांसमोर लिहिणार नाही. शनिवारी सकाळी प्रॅक्टिसला या, पहिल्या आठवड्याचा आणि आत्ताचा व्हिडिओ दोन्ही मोबाईलवर स्लो करून दाखवतो, ती स्मॅशला कधी येईल तेही तिच्यासमोरच ठरवू. तरी पटलं नाही तर उरलेल्या महिन्यांची फी परत देतो, पण बॉक्सचं ड्रिल कुणासाठीच वगळणार नाही.