खाणीचं लाल पाणी औषध नाही

माझी बहीण गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. तिच्या गावातल्या एका गरोदर बाईच्या नवऱ्याने तिला मोबाइलवरचा एक मेसेज दाखवला आणि विचारलं, "मग ताई, या लोहाच्या गोळ्या कशाला?" तोच मेसेज आता आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आलाय, हात जोडलेल्या इमोजींसह. त्यात म्हटलंय की खाणपट्ट्यातल्या नाल्यांचं पाणी लाल दिसतं ते लोहामुळे आणि लोहाने रक्त वाढतं. वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं. पाणी बिघडतं ते आदिवासींच्याच अस्वच्छतेने. आणि ग्रामसभेला यात बोलायचा अधिकार नाही.

रक्त वाढण्याची गोष्ट आधी घेतो, कारण तिच्यापायी जीव जाऊ शकतो.

लोहखनिज म्हणजे मुख्यतः हेमॅटाइट, लोहाचं ऑक्साइड. गंजही त्याच जातीचा. ते पाण्यात विरघळत नाही, बारीक भुकटी होऊन तरंगतं, आणि आतड्यांना त्यातून जवळपास काहीच शोषता येत नाही. सरकारी गोळीत शरीराला घेता येईल असं, मोजून 60 मिलिग्रॅम लोह असतं, सोबत फॉलिक ॲसिड. लाल नाल्याचा पेला हा त्या गोळीला पर्याय आहे असं गरोदर बाईला सांगणं हा गुन्हा मानला पाहिजे. त्यात या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून; लोह कमी पडलं हे त्याचं मूळ कारण नव्हे. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात उलट लोह साचतं, यकृताला आणि हृदयाला इजा करतं.

आणि पाणी लाल असेल तर ते गढूळही असतं. गाळाच्या कणांआड जंतू लपतात, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली तरी क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 5. पेल्याचा तळ दिसत नाही असं पाणी या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचं असतं, ते ओळखायला यंत्र लागत नाही.

वाहत्या पाण्याचं म्हणाल तर शेण-पालापाचोळा नदी पचवते. खनिजाचा गाळ पचत नाही, तो पात्रात आणि धानाच्या बांधीत बसतो. छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याच्या लोहखाणींखालची शंखिनी नदी वाहतीच होती, तरी वर्षानुवर्षं लाल राहिली.

अस्वच्छतेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करावं लागतं. जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन कॉलरा पसरला, माणसं दगावली. पण लोक त्या विहिरीवर का गेले? थकीत बिलापायी नळयोजनेची वीज तोडली होती, अशा बातम्या तेव्हाच आल्या होत्या. मेसेज लिहिणाऱ्याला त्या सापडल्या नाहीत.

आता ग्रामसभा. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 कुणीही वाचावं, अर्ध्या पानाचंही नाही. जिथे वनहक्कधारक आहेत तिथल्या ग्रामसभेला लगतची पाणलोट क्षेत्रं आणि जलस्रोत सुरक्षित राखण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत दिलाय. त्यासाठी समिती नेमायची तरतूद त्याच कायद्याखालच्या नियम 4 मध्ये आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 ला ग्रामसभांपुढेच ठेवायला लावला होता; बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. आणि नाल्यात किंवा विहिरीत जाणूनबुजून घाण सोडायला 1974 च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम 24 सगळ्यांनाच बंदी करतं, खाणवाल्यांनाही.

ज्यांच्या गावात नाला लाल झालाय त्यांनी फोटो काढून तारीख लिहून ठेवावी. ग्रामपंचायतीला पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवायला लावावा, अहवालाची प्रत मागून घ्यावी, आणि कलम 5 चा उल्लेख करून ग्रामसभेचा ठराव प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. आणि गोळ्या चालू ठेवाव्यात.