शंभर रुपये कमी पडले, त्याचे दोन हजार चारशे पंचाहत्तर

2025 च्या ऑक्टोबर महिन्यात 5 तारीख रविवारी आली होती. माझ्या कर्जाचा 12,000 रुपयांचा हप्ता तेव्हा दर महिन्याच्या 5 तारखेलाच खात्यातून परस्पर वळता होत असे. त्या दिवशी खात्यात 11,900 रुपये होते. पगार एरवी 5 तारखेच्या आत जमा होत असल्यामुळे मी निर्धास्त होतो. शनिवार-रविवारी आमचे लेखा विभागाचे कार्यालय बंद असते, हे मी विचारात घेतले नव्हते. 1 ऑगस्ट 2021 पासून हप्ते वळते करणारी ‘नॅच’ यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते, हेदेखील माझ्या ध्यानात राहिले नव्हते. पूर्वी सुट्टीच्या दिवशी येणारा हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी कापला जाई आणि ती एका दिवसाची सवड अनेकांना नकळत तारून नेत असे. आता हप्ता रविवारी कापला जातो, पगार मात्र सोमवारशिवाय निघत नाही.

हप्ता परत गेला, ही चूक माझीच होती आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पुढे जे घडले ते मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. सोमवारी पगार आला नाही, म्हणून मी घरातले 200 रुपये खात्यात भरले. माझ्या हिशेबाने शिल्लक 12,100 झाली होती आणि मंगळवारी कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने हप्ता पुन्हा लावला तर तो निघून जायला हवा होता. परंतु बँकेने दरम्यान हप्ता परत गेल्याबद्दल 500 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 590 रुपये कापून घेतले होते. शिल्लक उरली 11,510. मंगळवारी हप्ता पुन्हा परत गेला आणि पुन्हा 590 रुपये कापले गेले. पहिल्यांदा माझ्याकडे पैसे नव्हते, म्हणून हप्ता परत गेला. दुसऱ्यांदा तो परत जाण्याचे कारण बँकेचे स्वतःचे शुल्क होते.

वित्तसंस्थेनेही आपल्या बाजूने दोन वेळचे पाचशे-पाचशे रुपये लावले, शिवाय उशिराबद्दल 250 रुपये आणि त्यावर 45 रुपये जीएसटी आकारला. सगळे मिळून 2,475 रुपये झाले. खात्याला 18 टक्के वार्षिक व्याजाने साधी ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक संपल्यावरही ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेचे पैसे वापरण्याची, सोय असती, तर तीन दिवसांसाठी कमी पडलेल्या शंभर रुपयांवर मला सुमारे 15 पैसे व्याज पडले असते. ओव्हरड्राफ्ट म्हणजे कर्जाच्या खाईत पहिले पाऊल, असे आपल्याकडे अनेकांना वाटते आणि ती भीती सर्वस्वी निराधार नाही. पण ज्याचा पगार ठरलेला आहे आणि ज्याची ओढाताण चार-दोन दिवसांचीच असते, त्याने एकदा हा 15 पैशांचा हिशेब अवश्य मांडून पाहावा, कारण ओव्हरड्राफ्टवर व्याज पडते ते वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरते. जनधन खातेदारांसाठीही पात्रतेनुसार 10,000 रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे.

मी बँकेला दूरध्वनी न करता लेखी पत्र पाठवले. दूरध्वनीवर सहानुभूती मिळते आणि तक्रार क्रमांक मिळतोच असे नाही, हा माझा आजवरचा अनुभव आहे. पत्रात तीनच प्रश्न होते. हे शुल्क दरपत्रकातील कोणत्या नोंदीनुसार लावले? ते कोणत्या दिवशी, हप्ता पुन्हा लागण्याआधी कापले की नंतर? दुसऱ्या वेळी हप्ता परत जाण्यास पहिले शुल्कच कारणीभूत ठरले असेल, तर दुसरे शुल्क कशाबद्दल? आठवड्याभराने उत्तर आले की सद्भावनेपोटी, आणि केवळ या एका वेळेपुरते, एक शुल्क परत करण्यात येत आहे.

सद्भावना या शब्दाने मी खरोखर अस्वस्थ झालो. ज्या शुल्काचे समर्थन बँकेला करता येत नव्हते, ते परत करणे ही दुरुस्ती होती. तिला कृपेचे रूप दिले की प्रश्न विचारणारा ग्राहक आपोआप याचक ठरतो आणि न विचारणाऱ्या हजारोंच्या खात्यांत तीच चूक तशीच राहते. बँकेच्या संगणकाला शुल्क कापताना कोणाची अनुमती लागत नाही, परत करताना मात्र अधिकाऱ्याची सही लागते. माझा मुख्य आक्षेप या विषमतेला आहे.

वास्तविक नियमांची वानवा नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये कर्जावरील दंडाबाबत परिपत्रक काढले आणि 2024 पासून ते लागू झाले. त्यानुसार हप्ता चुकला म्हणून व्याजाचा दर वाढवून दंडव्याज लावता येत नाही. दंड शुल्काच्या रूपातच घ्यावा लागतो, त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही आणि त्याची रक्कम झालेल्या चुकीशी प्रमाणशीर व वाजवी असावी लागते. घरगुती कारणासाठी कर्ज घेतलेल्या व्यक्तीला तशाच चुकीसाठी कंपन्या-संस्थांपेक्षा जास्त दंड लावण्यासही मनाई आहे. क्रेडिट कार्डाला हे परिपत्रक लागू नाही. तिथे वेगळा नियम आहे. मुदत उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच कार्डावर विलंब शुल्क लावता येते आणि तेही थकलेल्या रकमेवर, संपूर्ण बिलावर नव्हे.

कर्जावरील अशा दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, हे जीएसटी परिषदेच्या डिसेंबर 2024 मधील बैठकीनंतर जानेवारी 2025 च्या परिपत्रकाने स्पष्ट झाले आहे. त्या परिपत्रकाचा उल्लेख करून मी वित्तसंस्थेला दोन ओळी लिहिल्या आणि माझे 45 रुपये परत आले. रक्कम क्षुल्लक आहे, हे मलाही कळते; पण जी आकारणी बंद होऊन बरेच महिने लोटले होते, ती माझ्या पत्रापर्यंत चालूच होती.

बचत खात्यातील किमान शिलकीचीही तीच कथा आहे. एप्रिल 2015 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे शिल्लक कमी झाल्यावर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचे असते, भरपाईसाठी एक महिना द्यायचा असतो, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणातच घ्यायचा असतो आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होऊ द्यायचे नसते. तरीही शुल्क कापत कापत शून्याखाली गेलेली खाती मी स्वतः नातेवाइकांच्या उताऱ्यांत पाहिली आहेत, आणि ती खाती बंद करायला गेल्यावर त्यांना आधी उणे रक्कम भरण्यास सांगितले गेले. 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिलकीच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केल्याची माहिती सरकारने संसदेत दिली होती, आणि त्यात स्टेट बँकेचा वाटा पहिल्या वर्षापुरताच आहे, कारण तिने मार्च 2020 मध्येच हा दंड बंद केला. 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तिचे अनुकरण केले. ज्यांच्या खात्यात पैसे टिकत नाहीत, त्यांच्याकडूनच ही रक्कम आली, याविषयी अधिक भाष्याची आवश्यकता मला वाटत नाही.

याचा अर्थ हप्ता चुकणे किरकोळ मानावे, असा कोणी घेऊ नये. शिल्लक नसल्यामुळे परत गेलेला इलेक्ट्रॉनिक हप्ता 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम 25 नुसार न वटलेल्या धनादेशासारखाच गुन्हा ठरू शकतो. वसुलीवाले पहिल्याच दूरध्वनीवर या कलमाची भीती घालतात. मात्र त्याआधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरण्याची संधी असते, हा भाग ते सांगत नाहीत. हप्ता परत गेल्याचे कळताच वित्तसंस्थेला थेट पैसे भरावेत आणि हप्ता पुन्हा लावू नये असे लेखी कळवावे. मी हेच केले असते तर दुसरा फटका बसला नसता. खात्यात शे-दोनशे भरून वाट पाहणे हा सर्वांत वाईट मार्ग होता.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे संकेतस्थळावरून विनामूल्य तक्रार करता येते. 2021 पासून बँका आणि बहुतांश मोठ्या वित्तसंस्था यांच्यासाठी ती एकच योजना आहे. मला तिथवर जावे लागले नाही. 590 आणि 45 रुपये परत मिळाले, उरलेले 1,840 रुपये मी सोडून दिले. त्यांतले पहिल्या वेळचे शुल्क आणि उशिराचा दंड माझ्या चुकीचा होता, ते मला मान्य आहे. वित्तसंस्थेने दुसऱ्यांदा लावलेले 500 रुपये मला आजही मान्य नाहीत, पण त्यासाठी भांडत राहण्याचा कंटाळा आला, हे कबूल करतो.

डिसेंबरपासून हप्त्याची तारीख 5 ऐवजी 10 करून घेतली आहे. तारीख बदलण्याचेही शुल्क होते. ते किती आहे, त्यावर कर किती आणि ते कोणत्या दिवशी कापले जाईल, हे मी या वेळी आधी लेखी मागवून घेतले.